घर घेताना 'आम्ही' म्हणजे कोण

'घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून' ही म्हण रूढ झाली त्या काळी घर ही तयार विकत घ्यायची वस्तू नव्हती. जागा असे, गवंडी आणि सुतार असत, पावसाळ्यापूर्वी भिंती वर आल्या पाहिजेत अशी घाई असे, आणि बांधणाऱ्याच्या हौसेचे, कंजूषपणाचे, हट्टाचे ठसे त्या घरावर कायमचे उमटत. आजच्या शहरी मराठीत घर बांधणारे थोडे उरले. बाकी सगळे घर 'घेतात'. क्रियापद बदलले तसे निर्णयांचे स्वरूपही बदलले. बांधणारा स्वयंपाकघराची खिडकी कुठे ठेवायची ते ठरवतो. घेणाऱ्यापुढे कुणीतरी आधीच ठेवलेली खिडकी असते, आणि तिच्यासह ते घर पत्करायचे की नाही एवढेच त्याच्या हाती उरते. म्हणून घर घेण्याच्या गोष्टीत 'तडजोड' हा शब्द पहिल्या दिवसापासून येतो. घर बघायला निघालो आहोत असे कळले की नातेवाईक, सहकारी, बँकेतला अधिकारी, दलाल, फार काय रिक्षावालादेखील एकच वाक्य ऐकवतो: थोडी तडजोड करावीच लागते.

या वाक्यात ती कुणाला करावी लागते याचा उल्लेख नाही. मराठी वाक्यरचनेची ही सोय फार मोठी आहे. 'लागते' म्हटले की चतुर्थीतला माणूस गाळून टाकता येतो आणि तरी वाक्य पुरे वाटते. वर्षभर घरे बघत फिरताना आम्हाला हे गाळलेले पद पुन्हा पुन्हा शोधावे लागले. प्रस्तुत लेख त्या शोधाविषयी आहे.

आमची परिस्थिती थोडक्यात सांगणे भाग आहे, कारण तिच्याशिवाय पुढचे कळणार नाही. आम्ही पुण्यात राहतो. अकरा महिन्यांचे करार एकामागून एक करत नऊ वर्षांत चार घरे झाली. आमच्यातला एक महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्यातली एक घरी बसून भाषांतरे करते आणि आठवड्यातून तीन दिवस तासिका तत्त्वावर शिकवायला जाते. मुलगी सातवीत आहे. आणि आई आहेत. आमच्यातला एक त्यांना 'अगं' म्हणतो, एक 'अहो'. एकाच 'आम्ही'त दोन सर्वनामे नांदतात ती अशी. या लेखापुरते आम्ही 'अहो'च ठेवतो.

घर बघायला सुरुवात केली तेव्हा एका वहीत आम्ही तीन रकाने आखले होते: 'मुळीच नको', 'चालेल' आणि 'बघू'. पहिल्या महिन्याअखेर 'मुळीच नको'मध्ये चार नोंदी होत्या, 'चालेल'मध्ये सहा, आणि 'बघू'चा रकाना दुसऱ्या पानावर गेला होता. घर घेणाऱ्याचे खरे चरित्र या तिसऱ्या रकान्यातच लिहिलेले असावे. पश्चिमेचे ऊन, बघू. गाडी लावायला जागा नाही, बघू. बाजूच्या मोकळ्या भूखंडावर उद्या काय उभे राहील, बघू. 'बघू' हे क्रियापद भविष्यकाळातले असले तरी त्याचा खरा अर्थ 'आत्ता बघायचे नाही' असा आहे, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको.

नव्या इमारती बघायला गेलो की आणखी एक सर्वनाम भेटे. विक्री कार्यालयातली तरुण मुले-मुली अगत्याने बोलतात, पाणी विचारतात, आणि सतत 'आपण' म्हणतात. आपण इथे बाग देतोय. आपण लॉबीला इटालियन मार्बल वापरलाय. आपला ताबा अडीच वर्षांत. मराठीने 'आम्ही' आणि 'आपण' असा भेद जपला आहे. ज्याच्याशी बोलतो आहोत त्याला वगळून बोलायचे तर 'आम्ही', त्याला सामावून घ्यायचे तर 'आपण'. हिंदीच्या 'हम'ला किंवा इंग्रजीच्या प्रथमपुरुषी अनेकवचनाला हे साधत नाही. विक्री कार्यालयाने या भेदाचा नेमका उपयोग हेरला आहे. बाग देणारेही 'आपण' आणि तिचे पैसे मोजणारेही 'आपण'. करारनाम्याचा मसुदा हाती आला की 'आपण' नाहीसा होतो आणि त्याच्या जागी 'लिहून देणार' व 'लिहून घेणार' असे दोन वेगळे पक्ष उभे राहतात. मसुदा आधी मागून घेऊन वाचावा, असे आम्ही म्हणतो ते केवळ कायद्यासाठी नव्हे. इतक्या गोड सामासिक नात्याचा विग्रह तिथे प्रथमच होतो.

नमुना म्हणून सजवलेल्या सदनिकेला सगळे 'सॅम्पल फ्लॅट' म्हणतात. तिच्यात आतल्या खोल्यांना बहुधा दारे नसतात, कारण दार उघडायला जागा लागते. पलंग आखूड असतात. कपाटाच्या जागी आरसा असतो. आणि पुस्तके, असलीच तर, पाच-सहा, एकाच उंचीची, टीपॉयवर रचलेली. आमच्याकडे पुस्तकांच्या कपाटांची लांबी मोजली तर एकूण चौतीस फूट भरते. बारा इंच खोलीचे कपाट दहा फुटी भिंतीला लावले की दहा चौरस फूट जमीन त्याखाली जाते. चौरस फुटाला दहा हजार रुपये भाव धरला तर लाख रुपये पुस्तकांच्या पायाखाली. हा हिशेब एका रात्री जेवताना मांडला तेव्हा क्षणभर शांतता पसरली, आणि मग आमच्यातल्या एकाने आपली कोणती पुस्तके पुन्हा वाचली जाणार नाहीत याविषयी बोलण्याऐवजी दुसऱ्याची कोणती वाचली जाणार नाहीत याविषयी बोलायला सुरुवात केली.

क्षेत्रफळाच्या बाबतीत मात्र दिवस सुधारले आहेत, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. पूर्वी 'सुपर बिल्टअप' नावाचे एक मायावी क्षेत्रफळ असे. त्यात जिना, लॉबी, पाण्याची टाकी यांचा वाटा मिसळून घर कागदावर फुगवले जाई. स्थावर संपदा अधिनियम २०१६ साली आला, २०१७च्या मे महिन्यापासून पूर्णपणे लागू झाला, आणि त्याने चटई क्षेत्राची व्याख्या ठरवून दिली. बाहेरच्या भिंती धरायच्या नाहीत, आतल्या धरायच्या. बाल्कनी आणि गच्ची वेगळी. ठरलेल्या किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम नोंदणीकृत करार केल्याशिवाय घेता येत नाही, आणि ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर तो दुरुस्त करून देण्याची जबाबदारी बांधणाऱ्यावर आहे. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंदणी, मुदत, मंजूर नकाशे हे सगळे घरबसल्या दिसते. आधीच्या पिढीने निव्वळ विश्वासावर जी जोखीम घेतली तिचा बराच भाग आता कागदावर तपासता येतो.

म्हणून 'मुळीच नको'च्या रकान्यातल्या नोंदींविषयी आम्हाला फारसा विचार करावा लागला नाही. मालकीहक्काचा शोध वकिलाकडून तीस वर्षे मागे जाऊन घ्यायचा. भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या इमारतीत पाऊल टाकायचे नाही, मग भाव कितीही उतरो. चौथी नोंद पाण्याची होती, ती पुढे येते. तिसरी नदीची. पुण्यात 'नदीचे दर्शन घडवणारी' घरे महाग असतात. पाटबंधारे खात्याच्या नकाशावर नदीकाठाने एक निळी आणि एक लाल रेषा जाते. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची ती निळी, शंभर वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची ती लाल. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले त्याच्या आठवणी आईंच्या माहेरी अजून सांगितल्या जातात, आणि गोखलेनगरसारख्या वसाहती त्या पूरग्रस्तांसाठीच उभ्या राहिल्या. पण पानशेतकडे इतिहास म्हणून बोट दाखवण्याची सोयही आता उरलेली नाही. सप्टेंबर २०१९मध्ये आंबिल ओढ्याचे पाणी एका रात्रीत सहकारनगर-अरण्येश्वर भागातल्या घरांत शिरले, आणि जुलै २०२४मध्ये खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत तळमजले बुडाले. नदी दिसणारे घर न घेणे याला आम्ही तडजोड समजत नाही.

पाण्याची गोष्ट उलट्या दिशेची. पुण्याच्या पूर्वेला, नगर रस्त्याने वाघोलीच्या बाजूला, आमच्या पैशांत दोनऐवजी तीन शयनगृहांचे घर येत होते. वाघोली २०२१ साली इतर बावीस गावांबरोबर महानगरपालिकेत आली. तिच्या आधी २०१७ साली अकरा गावे आली होती. हद्द कागदावर एका दिवसात सरकते, जलवाहिनी तितक्या वेगाने सरकत नाही. आम्ही पाहिलेल्या इमारतीच्या मसुद्यात एक कलम होते: महापालिकेचे पाणी येईपर्यंत टँकरचा खर्च सोसायटीने सोसायचा. 'येईपर्यंत' या शब्दापुढे तारीख नव्हती. तिथे राहणाऱ्या एका परिचित शिक्षिकेने सांगितले की उन्हाळ्यात त्यांच्याकडे देखभाल खर्चातला मोठा वाटा टँकरचाच असतो, आणि तो आला की नाही हे बघायला दुपारी घरी असते तीच व्यक्ती खाली जाते. हे शेवटचे उपवाक्य तिने सहज उच्चारले. आम्ही ते घरी घेऊन आलो.

कारण आमच्या घरात दुपारी असते ती व्यक्ती कोण, हे उघड होते. त्या घरात मुलीला स्वतंत्र खोली मिळणार होती, पुस्तकांना भिंत मिळणार होती, आईंना खालच्या बागेत चक्कर मारता येणार होती. आमच्यातला जो पूर्णवेळ नोकरी करतो तो सकाळी साडेसहाला निघाला असता आणि वाहतूक टाळून परतला असता. आमच्यातली जी तासिकांवर जाते तिचे तास अकरा आणि तीनला, म्हणजे जाताना कोंडी आणि येताना कोंडी. आणि तासिका तत्त्वावर ज्याला पैसे मिळतात त्याला प्रवासाच्या तासांचे पैसे कुणी देत नाही. 'आम्हाला थोडे लांब पडेल' असे वाक्य आम्ही बोलत होतो. ते एकाला पाऊण तास आणि एकीला पावणेदोन तास लांब पडत होते.

इथून आमच्या वहीतल्या रकान्यांचा अर्थ बदलला. गैरसोय किती मोठी, हा आमचा पहिला प्रश्न होता. त्याच्या जागी दोन प्रश्न आले. एक, ही गैरसोय सवयीने झिजेल की दर वर्षी वाढेल? दुसरा, ती कुणाच्या वाट्याला जाईल? रस्त्याचा आवाज झिजतो. पहिला महिना झोप लागत नाही, मग सुट्टीच्या गावी शांततेने जाग येते. लहान हॉल झिजतो. फरशीचा रंग तर आठवड्यात दिसेनासा होतो, आणि तरी घर बघताना माणसे सर्वाधिक वेळ फरशीवर बोलतात. प्रवास झिजत नाही, पाण्याची टंचाई झिजत नाही, ओलीची भिंत झिजत नाही. आणि जिना तर वयाबरोबर उंच होत जातो.

कर्जाच्या मुदतीचेही असेच. बँकेतल्या सद्गृहस्थांनी आम्हाला सौजन्याने सुचवले की वीसऐवजी तीस वर्षे घ्या, हप्ता हलका होईल. पन्नास लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले तर मासिक हप्ता सुमारे ४३,४०० रुपये येतो, तीस वर्षांसाठी घेतले तर सुमारे ३८,४५०. महिन्याला पाच हजारांच्या आसपास सवलत, आणि त्या सवलतीसाठी एकूण परतफेडीत सुमारे चौतीस लाखांची भर. आकड्यांपेक्षा आम्हाला वर्षे बोचली. शेवटची दहा वर्षे निवृत्तीनंतरची होती. तेव्हाचे 'आम्ही' आज या टेबलाशी बसलेले नाहीत आणि त्यांना बोलता येत नाही. ज्याला बोलता येत नाही त्याच्या खात्यावर तडजोड टाकणे सर्वात सोपे असते.

या विषयावर विचार करताना आम्हाला पुस्तकांपेक्षा एक चित्रपट अधिक आठवत राहिला. १९७७ सालचा भीमसेन दिग्दर्शित 'घरौंदा', शंकर शेष यांच्या कथेवरचा. भाषा हिंदी, पण मुंबई अस्सल, आणि प्रमुख भूमिकांत अमोल पालेकर आणि डॉ. श्रीराम लागू असल्याने मराठी प्रेक्षकाने तो आपलाच मानला. एका कार्यालयातले सुदीप आणि छाया पैसे साठवून घर घेऊ पाहतात, बांधकाम व्यावसायिक फसवतो, साठवलेले जाते. कार्यालयाचा मालक मोदी विधुर आहे, हृदयविकाराने आजारी आहे, आणि त्याला छायाशी लग्न करायचे आहे. तेव्हा सुदीप छायाला सुचवतो की हे लग्न तू कर. तो काही फार जगणार नाही, मग सगळे आपले.

हा प्रसंग बहुधा हाव किंवा मध्यमवर्गाची नैतिक घसरण म्हणून वाचला जातो. ते वाचन खोटे नाही, पण आमचे लक्ष आता वेगळ्या ठिकाणी जाते. सुदीपच्या मनातला बेत प्रथमपुरुषी अनेकवचनात आहे. घर दोघांचे, स्वप्न दोघांचे, अडचण दोघांची. तडजोड मात्र एकटीच्या देहाने आणि आयुष्याने करायची आहे. तो तिला फसवतो असेही म्हणता येत नाही, कारण त्या अनेकवचनावर त्याचा स्वतःचा विश्वास आहे. छाया लग्न करते आणि मग ते लग्न खरोखरच निभावते. मोदी बरा होत जातो. ती सुदीपकडे परतत नाही. प्रेक्षक म्हणून विशीत आम्हाला हा शेवट भाबडा वाटला होता, पतिव्रताधर्माचा विजय वगैरे. आता वाटते की छायाने केलेली गोष्ट फार साधी आणि फार कठोर आहे: ज्या तडजोडीची किंमत तिने एकटीने मोजली तिच्या फळावर दोघांची मालकी आहे, हे तिने मान्य केले नाही.

एकदा ही नजर लागली की इतर ओळखीची पानेही निराळी दिसू लागतात. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'त (१९८५) धरणगावकर देशपांड्यांचा वाडा ढासळतो आहे आणि अंगणात ट्रॅक्टर गंजत पडला आहे. समीक्षेत या नाटकाची चर्चा सरंजामी व्यवस्थेचा ऱ्हास या अंगाने पुष्कळ झाली. पण वाडा टिकवायचा, घराण्याची अब्रू राखायची, हा 'आपला' निर्णय ज्यांच्या अंगावरून जातो त्यांची मोजदाद करावी: शिक्षण राहून गेलेली प्रभा, घर ओढणारी वहिनी, माजघरात वेळ विचारत बसलेली दादी. निर्णयाच्या चर्चेत भाऊ आहेत, आणि निर्णय सोसण्यात बहुतेक बायका. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त तर घर ही गोष्ट वारंवार बिऱ्हाड या शब्दावर येऊन थांबते. नारायण वामन टिळक गावे आणि नोकऱ्या बदलतात, १८९५ साली ख्रिस्ती होतात तेही पत्नीला आधी न सांगता, आणि प्रत्येक निर्णयानंतर विस्कटलेला संसार कुठेतरी नव्याने मांडायचे काम लक्ष्मीबाईंकडे येते. लक्ष्मीबाईंचे थोरपण असे की त्या याची तक्रार करत नाहीत, विनोद करतात. आणि त्या विनोदात हिशेब मात्र चोख ठेवलेला असतो. तो विनोद सोशिकपणाचा पुरावा म्हणून वर्गात शिकवला जातो तेव्हा आम्हाला हल्ली थोडे अस्वस्थ वाटते.

आता सदाशिव पेठेतल्या घराकडे येतो, कारण आमच्या वर्षभराच्या भटकंतीतला खरा पेच तिथे होता. जुना वाडा पाडून तीन मजली इमारत झालेली, तिसऱ्या मजल्यावरचे घर, मोठ्या खिडक्या, पूर्वेचा उजेड, लाकडी खुंट्या ठोकता येतील अशा जाड भिंती. ग्रंथालय चालत सात मिनिटांवर, पुस्तकांची दुकाने त्याहून जवळ, मुलीची शाळा सायकलने, आमच्यातल्या दोघांच्याही शिकवण्याच्या जागा पायी. किंमत आमच्या आवाक्याच्या काठावर, पण आवाक्यात. जमिनीचे अभिहस्तांतरण सोसायटीच्या नावे झालेले, म्हणजे कागद स्वच्छ. वहीत या घराच्या नावापुढे 'बघू'च्या रकान्यात एकच नोंद होती: उद्वाहन नाही आणि बसवायला जागाही नाही.

आई बघायला आल्या त्या दिवशी मध्ये दोनदा थांबल्या. वर आल्यावर खिडकीशी बसून पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "छान आहे. घेऊन टाका. मला काय, मी कुठे बाहेर जाते."

हे वाक्य आम्हाला हवे तसे होते, म्हणूनच आम्ही त्याच्यापाशी अडलो. मराठी घराघरांतून 'मला काय' हा उद्गार ऐकू येतो. तो संमतीसारखा वाजतो. मला काय, मी उरलेले खाईन. मला काय, मी बाहेरच्या खोलीत निजेन. व्याकरणाने तो प्रश्न आहे, पण त्याला उत्तर अपेक्षित नसते, आणि ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या 'आम्ही'त सामावून घेतले आहे त्यालाच तो इतक्या सफाईने उच्चारता येतो. आम्ही घरी येऊन मोजदाद केली. मी कुठे बाहेर जाते, म्हणणाऱ्या आई मंगळवारी आणि शुक्रवारी भजनी मंडळात जातात. भाजी स्वतः निवडून आणतात, कारण आमच्या दोघांच्याही निवडीवर त्यांचा विश्वास नाही. महिन्यातून एकदा बँकेत पासबुक भरून घ्यायला जातात आणि नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यायला. मैत्रिणीकडे जातात, तिला गुडघ्यांमुळे येता येत नाही म्हणून. एका साध्या आठवड्यात त्या नऊ वेळा घराबाहेर पडल्या. त्या जिन्याला चोपन्न पायऱ्या होत्या.

त्या चोपन्न पायऱ्यांनी पहिल्या वर्षी नऊ फेऱ्यांच्या सहा केल्या असत्या, मग चार, मग दोन. कुणी मनाई केली नसती. एके दिवशी 'मी कुठे बाहेर जाते' हे वाक्य खरे झाले असते, आणि आम्ही म्हणालो असतो की त्यांना मुळातच बाहेर पडायला आवडत नाही.

ते घर आम्ही सोडले. आमच्यात यावरून दोन आठवडे बोलणे कमी झाले, हे इथे लपवण्याचे कारण नाही. आमच्यातल्या एकाचे म्हणणे असे की आईंनी स्वतः संमती दिली होती आणि तिच्यापलीकडे जाऊन त्यांचे भले आपण ठरवणे हाही एक प्रकारचा अधिकारच आहे. हा युक्तिवाद आजही आम्हाला पूर्णपणे खोडता आलेला नाही. दुसरीचे म्हणणे असे की ज्या घरात 'मला नको' असे म्हणण्याची सवयच कुणी लागू दिली नाही तिथे 'घेऊन टाका'ला संमती म्हणणे फार स्वस्त आहे. शेवटी आईंनाच सरळ विचारले, संमती न मागता, दुसऱ्याच पद्धतीने: तुम्ही एकट्या राहणार असता तर कुठे घेतले असते? त्यांनी जराही वेळ न घेता सांगितले, "खाली वाणी असेल आणि लिफ्ट असेल तिथे. आणि गॅलरीतून माणसे दिसायला हवीत." सत्त्याहत्तराव्या वर्षी त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, असे त्यांनीच पुढे सांगितले, तक्रारीच्या सुरात नव्हे, माहिती द्यावी तसे.

मुलीलाही हाच प्रश्न विचारला. तिला स्वतंत्र खोली हवी होती असे आम्ही गृहीत धरले होते. तिला दार हवे होते. खोलीचे नसले तरी चालेल, लावता येईल असे कुठलेही. दोन शयनगृहांच्या घरात बाल्कनीचा एक भाग काचा बसवून वेगळा काढलेला असतो. तिथे एक टेबल आणि सरकते दार बसते का, हे त्यानंतर आम्ही प्रत्येक घरात मोजले.

जे घर ठरले ते कोथरूडमध्ये आहे, नव्वदच्या दशकातले, दुसऱ्या मजल्यावर. उद्वाहन लहान आहे आणि जुने आहे, पण आहे. खाली वाणी आहे, शेजारी चक्की आहे, समोर बसथांबा आहे आणि गॅलरीतून माणसे दिसतात. किंबहुना माणसांशिवाय दुसरे काही दिसत नाही. दुचाकी लावता येते, चारचाकीला जागा नाही. ओटा अरुंद आहे. हॉल पश्चिमेला आहे, म्हणजे मार्चपासून जूनपर्यंत दुपारी तिथे बसणे अवघड. जमीन अजून मूळ मालकाच्या नावे आहे. सोसायटीने मानीव अभिहस्तांतरणासाठी अर्ज केला आहे, आणि तो निकाली निघेपर्यंत पुनर्विकासाची चर्चा निव्वळ चर्चाच राहील. या शेवटच्या बाबीवर आम्ही वकिलाकडे तीन खेपा घातल्या, सोसायटीचे कागद वाचले, आणि ही जोखीम चौघांत सारखी वाटली जाते असे बघून ती घेतली. पेठेतले ग्रंथालय आता चालत जाण्याच्या अंतरावर नाही. ही आमची दोघांची तडजोड, आणि ती झिजेल अशी चिन्हे नाहीत.

पुस्तकांचा निवाडा असा झाला की चौतीस फुटांपैकी बावीस येतील. प्रत्येकाने फक्त आपलीच पुस्तके काढायची, दुसऱ्याच्या कपाटाला हात लावायचा नाही. हा नियम घातल्यापासून काम फार सावकाश चालले आहे, पण भांडण झालेले नाही.

उरला प्रश्न नावांचा. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून घर केवळ स्त्रीच्या किंवा स्त्रियांच्या नावे घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. नावात पुरुष आला की ती जाते. आमच्या दोघांचे संयुक्त नाव गृहीत धरून दलालाने आकडेमोड आणली होती. सवलतीचा आकडा दिसल्यावर मात्र तिच्या एकटीचे नाव घालण्याचा सल्ला त्याने उत्साहाने दिला, आणि वर आमच्यातल्या एकाला बाजूला घेऊन दिलासाही दिला की नाव कुणाचेही असो, घर तर तुमचेच. त्यावर आमच्यातल्या एकीने विचारले की सवलत दोन बायकांच्या नावांनाही लागू आहे ना. आहे. करारनाम्याच्या मसुद्यात 'लिहून घेणार' म्हणून आता दोन नावे आहेत, आणि दुसरे आईंचे आहे. कर्जात सहकर्जदार म्हणून आमच्यातला एक आहेच. आईंच्या नावावर आजवर कुठलीच जागा नव्हती. माहेरची नव्हती, सासरचे घर दिरांच्या वाटणीत गेले. मसुदा वाचून दाखवला तेव्हा त्यांनी नावातली एक वेलांटी दुरुस्त करायला सांगितली. 'मला काय' म्हणाल्या नाहीत.

दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातली वेळ पुढच्या आठवड्यातली मिळाली आहे. पश्चिमेच्या खिडकीचे माप आई स्वतः जाऊन घेऊन आल्या, सहा फूट बाय चार. वाळ्याचा पडदा लावायचा की बांबूची चिक, यावर अजून एकमत झालेले नाही.